पाचवीच्या खिडकीतला दोर

बसल्या जागी माझ्या उजव्या पायाचा अंगठा हलतो. मला स्वतःला ते कळतही नाही. परवा वाशीमला मुलाकडे गेले होते, तेव्हा सुनेनं पाहिलं. नवराबायकोचा वाद चालला होता. नातवाला कोणत्या शाळेत घालायचं, आणि घातलं तर अर्धा दिवस ठेवायचं की पूर्ण दिवस. सून म्हणत होती पूर्ण दिवस, कारण तिची नोकरी. मुलगा म्हणत होता, एवढंसं लेकरू दिवसभर राहील कसं, एक वर्ष थांबू. ते 'एक वर्ष थांबू' कानावर पडलं आणि माझं डोकं फिरलं. मी तोंड आवरून बसले, पण सून माझ्या पायाकडे पाहत म्हणाली, "आई, तुमचा अंगठा काय करून राह्यला?"

तो झोळी हलवत होता. झोळीतलं लेकरू म्हातारं व्हायला आलं, पण याला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

आमचं गाव मेडशीपासून आडबाजूला. तेव्हा जिल्हा अकोला होता आणि वाशीम नुसता तालुका. गावाच्या मधून एक नाला जायचा. नाल्यापलीकडे चावडी, मोठी शाळा आणि मालक लोकांची माडीची घरं. नाल्याअलीकडे आमचा पुरा, सगळी बौद्ध झालेली घरं, आणि आमची शाळा. तिला सगळे लहान शाळाच म्हणायचे. एक खोली, एक गुरुजी, पहिली ते चौथी. गुरुजी मेडशीहून सायकलवर यायचे आणि पायजम्याला लावलेला चाप काढायचा विसरून तसेच दिवसभर शिकवायचे.

लहान शाळेत धाकट्या भावंडांना घेऊन येता यायचं. तशी परवानगी कुणी दिली नव्हती, गुरुजींनी नाही म्हटलं नव्हतं इतकंच. आया निंदायला नाहीतर कापूस वेचायला गेल्या की घरातलं धाकटं मोठ्या बहिणीच्या कडेवर असायचं. कडेवरचं नको म्हटलं असतं तर बहिणीही आल्या नसत्या, आणि निम्मी शाळा रिकामी झाली असती. म्हणून गुरुजींनी छताच्या बल्लीला झोळ्या टांगू दिल्या. ज्याच्या त्याच्या मायच्या जुन्या लुगड्याची झोळी. तीन-चार झोळ्या एका ओळीत, सगळ्यांना मिळून एकच दोर बांधलेला, आणि दोराचं टोक एका पोरीच्या पायाच्या अंगठ्याला. सुरुवातीला हातानं जोर द्यावा लागायचा, पण एकदा झोळ्यांनी लय धरली की अंगठा पुरायचा. मांडीवर पाटी, तोंडात पाढे आणि पायाला दोर. एकोणतिसाचा पाढा मी असाच पाठ केला आणि तो आजही मला पाय हलवल्याशिवाय पुरा म्हणता येत नाही.

दोर ओढायची पाळी लावलेली होती, पण फिरून फिरून तो माझ्याकडेच यायचा. कारण माझा भाऊ. दुष्काळाच्या साली झालेला, दुष्काळी कामावर वाटलेल्या सुकडीवर वाढलेला, आणि तरी असा दणकट की कडेवर घेतला की माझी कंबर वाकडी व्हायची. आमच्याकडे पाठचं भावंड आल्याशिवाय लेकराची झोळी सुटत नसे. त्याच्या पाठीवर कुणी आलंच नाही, म्हणून तिसरं वर्ष लागलं तरी हा आपला झोळीतच. पाय बाहेर लोंबायचे, झोळी जमिनीला टेकायला यायची, पण झोका मिळाल्याशिवाय त्याचा डोळा मिटायचा नाही. आणि झोका थांबला की लगेच भोकाड.

मी चौथी पास झाले. गुरुजींनी दाखला हातात ठेवला आणि म्हणाले, "आता पाचवीला गावातल्या शाळेत. घरी बसू नको."

गावातली शाळा मोठी होती, सातवीपर्यंत. प्रत्येक वर्गाला वेगळी खोली, वेगळे गुरुजी. हेडमास्तरांच्या खोलीबाहेर रुळाचा तुकडा टांगलेला, तीच घंटा. ऑफिसात भारताचा नकाशा होता, आणि त्यातल्या नद्या खऱ्याखुऱ्या निळ्या होत्या असं एकदा पाहून आलेली पोरं सांगायची. पुस्तकांचं कपाट होतं, त्याला कुलूप होतं. आमच्या शाळेतही कपाट होतं, पण त्याला दारच नव्हतं, त्यामुळे त्यातली पुस्तकं सगळ्यांनी वाचून वाचून फाडली होती.

या दोन शाळांवरून पुऱ्यात कायम वाद असायचा. बाप्यांचं म्हणणं, पोरं पहिलीपासूनच मोठ्या शाळेत घालावीत. माझा बा त्यांत पुढं. तो एका मालकाकडे सालदार होता, वर्षभराच्या बोलीवर शेतीचं पडेल ते काम करायचा. स्वतः दुसरीपर्यंत शिकलेला, पण वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवायचा, आणि विहाराच्या ओट्यावर दर रविवारी शिक्षणावर बोलायला उभा राहायचा. फार चांगलं बोलायचा. ऐकताना मला त्याचा अभिमान वाटायचा.

"मोठ्या शाळेत शिस्त हाय," तो म्हणायचा. "घंटा हाय. नकाशा हाय."

"आन आपल्या लेकरायले मांगच्या भिंतीशी बसवतेत, पानी वरून ओततेत, ते नाई सांगत," माय म्हणायची.

तेही खरंच होतं. तसा नियम कुठं लिहिलेला नव्हता, पण आमची पोरं मागच्या भिंतीशी बसायची आणि ओंजळीनं पाणी प्यायची. आमच्या गुरुजींच्या शाळेत मडकं एकच होतं. मायचं मन लहान शाळेकडे होतं. पण लहान शाळा चौथीला संपत होती, त्याला काय करणार?

आणि मोठ्या शाळेत धाकटी भावंडं चालत नसत. ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती, पण आमच्या घरात ती पहिल्यांदा जेवताना निघाली.

"एक वर्स थांबू दे तिले," बा म्हणाला. "पोट्टा जरा मोठा होऊ दे. मंग जाईन पाचवीत."

माय चुलीपुढून म्हणाली, "थांबलेली पोट्टी कदी शाळेत गेलेली पाह्यली काय तुमी?"

"मी नाई म्हनलो काय? थांब म्हनलो."

"तुमचं थांब म्हंजे नाईच. इहारात उभं राहून बोलतां, ते कोनाच्या पोरीसाठी? गावाच्या?"

बा हात धुवायला उठला. खोटा माणूस नव्हता तो. पण माय निंदायला गेली नाही तर घर चालत नव्हतं, आणि ती गेली की पोरगा माझ्याकडे. त्याच्यासमोर दुसरी वाट नव्हती, म्हणून त्यानं मला वाटेवरून बाजूला केलं होतं. आज हे कळतं. तेव्हा मला त्याचा सणकून राग आला. थांबलेल्या पोरी मी रोज पाहत होते. आमच्याच घरांच्या ओळीतली एक पोरगी अशीच एक वर्षासाठी थांबली होती. तिच्या कडेवरचं लेकरू खाली उतरलं, तोवर दुसरं चढलं, आणि मग तिचं लग्नच झालं. मला तसं थांबायचं नव्हतं. मला पाचवी हवी होती.

त्याच पावसाळ्यात गावात बालवाडी निघाली. मोठ्या शाळेच्या आवारात, पाचवीच्या वर्गाला लागून एक खोली रिकामी होती, तिथं. बाई तरुण होत्या. माहेर अनसिंगचं, इथल्याच, जवळच्या मालेगावला खोली करून राहायच्या आणि सकाळच्या एसटीनं यायच्या. आमच्या पुऱ्यातल्या सगळ्यांनी पोरं घातली. भावालाही घातलं. माय म्हणाली, झालं, सुटली माझी पोरगी.

पण बालवाडी अर्ध्या दिवसाची होती. सकाळी भरायची आणि अकराला सुटायची. मोठी शाळा अकराला भरायची. रुळाच्या तुकड्यावर शिपाई हातोडा मारायचा आणि त्या एकाच घंटेला बालवाडी सुटायची आणि पाचवी भरायची. पाचवीच्या पटावर माझं नाव लागलं होतं. पण वर्गात पाय ठेवायचा त्याच वेळी भाऊ येऊन माझ्या कडेवर चढायचा. इतकी बरोबर गाठ मुद्दाम घालायची म्हटली तरी जमली नसती.

मी घरी जायचे नाही. बालवाडीची खोली आणि पाचवीचा वर्ग यांच्या मधल्या भिंतीला एक खिडकी होती, गजांची. बालवाडी रिकामी झाली की मी भावाला घेऊन त्या खिडकीशी उभी राहायचे आणि पलीकडचं ऐकायचे. पाचवीचे पहिले धडे मी असेच, गजांतून ऐकले. भाऊ कुरकुरला की त्याला थोपटायचे, रडायला लागला की निघायचे. बहुतेक वेळा धडा अर्ध्यातच राहायचा.

बाईंची परतीची गाडी दुपारची असायची. त्या ओट्यावर बसून वाट पाहायच्या. एक दिवस त्यांनी विचारलं, "तुझं नाव पाचवीत आहे ना गं? मग आत का नाहीस?" मी कडेवरच्या पोराकडे बोट दाखवलं. आठवड्याच्या आत बाईंनी आयांची सभा बोलावली.

शाळेपुढच्या निंबाखाली सभा भरली. गावातल्या बाया एका बाजूला आणि पुऱ्यातल्या एका बाजूला, कुणी न सांगता. बाईंनी विचारलं, बालवाडी संध्याकाळपर्यंत ठेवली तर चालेल का? त्यांची तयारी होती, त्या पाचच्या गाडीनं गेल्या असत्या. पुऱ्यातल्या बायांनी एका आवाजात हो म्हटलं. गावातल्या बायांमध्ये कुजबूज सुरू झाली. शेवटी बाच्या मालकाची बायको, तिला सगळे मालकीणबाई म्हणायचे, ती उठली.

"लेकरू दुपारी घरी जेवलं पायजे, घरी झोपलं पायजे," ती म्हणाली. "दिवसभर दुसऱ्याच्या हाती सोडाचं, तं मंग माय कायले झाली?"

माझी माय बसल्या जागेवरून म्हणाली, "मालकीनबाई, मी दिवसभर तुमच्याच तुरीत निंदून राह्यली. माहं लेकरू कोनाच्या हाती ठेवू ते तुमीच सांगा. वावराच्या धुऱ्यावर ठेवू?"

"तुही पोट्टी हाय ना घरी?"

"पोट्टी घरी नाई. पोट्टी पाचवीत हाय," माय म्हणाली.

मी निंबाआड उभी होते. पोट्टी पाचवीत आहे, असं माझ्याबद्दल पहिल्यांदाच कुणी म्हटलं होतं. ते खरं नव्हतं, पण ऐकून मला फार बरं वाटलं.

करून पाहू, असं ठरलं. आणि पहिल्याच दिवशी फजिती झाली. दुपारी बाईंनी तरटपट्ट्या अंथरल्या आणि सगळ्या लेकरांना ओळीनं आडवं केलं. गावातल्या दोन बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. एका पट्टीवर सगळ्यांची लेकरं कशी काय, म्हणून त्यांनी आपापली उचलून नेली. उरलेल्यांतलं एकही झोपलं नाही. झोपणार कसं? जन्मात कुणी जमिनीवर झोपलेलं नव्हतं. माझ्या भावानं सुरुवात केली आणि मग सगळ्यांनी मिळून असा सूर लावला की हेडमास्तर चष्मा कपाळावर ठेवून धावत आले. "बाई, शाळा आहे ही!" म्हणाले. बाईंचे डोळे भरून आले. मी भावाला उचललं आणि घरी आले.

त्या संध्याकाळी मायनं भाकरी थापल्या, वाढल्या, आणि हात पुसून गाठोड्यातून जुनं लुगडं काढलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच माय आणि पुऱ्यातल्या चार-पाच जणी लुगडी घेऊन बालवाडीत गेल्या. शिडी नव्हती. एकीच्या खांद्यावर एक चढली आणि त्यांनी बल्लीला झोळ्या टांगल्या. अगदी लहान शाळेसारख्या, एका ओळीत, एका दोरात. मग विळे घेऊन कामाला गेल्या. बाई आल्या त्या बघतच राहिल्या. "इतकी मोठी मुलं झोळीत?" असं म्हणाल्या खऱ्या, पण दुपारी दोर ओढला आणि घटकाभरात सगळी खोली निजली. बाईंनी ओठांवर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघी आवाज न करता हसलो.

झोळ्यांनी आणखी एक काम केलं. प्रत्येकाची झोळी आपापल्या मायच्या लुगड्याची, त्यामुळे कोण कुणाच्या पट्टीवर झोपला हा प्रश्नच मिटला. गावातल्या बायांनी आपली लेकरं हळूहळू परत आणली. एका दोरानं सगळी हलतात, याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही किंवा जाऊ दिलं नाही.

पण दोर ओढणार कोण? झोळीत न मावणारी, जागी राहणारी पोरं बाईंना अंगणात सांभाळायची होती. मालकीणबाईंनी सुचवलं, "ते पोट्टी हाय ना, तिले सवय हाय. तिलेच बसवा." सगळ्यांना ते पटलं. बाईंना पटलं नाही, पण त्यांच्याकडे दुसरं कुणी नव्हतं. आणि बा तर खूश झाला. "बरं झालं," म्हणाला. "शाळेच्या आवारात तं राह्यन. दोन अक्षरं कानावर पडतीन."

माझी सुटका व्हावी म्हणून पूर्ण दिवसाची बालवाडी झाली, आणि त्या बालवाडीतच मला बांधून घातलं. आता भाऊ एकटा नव्हता, अख्ख्या गावाची लेकरं माझ्या अंगठ्याला होती. भिंतीपलीकडे पाचवी चालायची आणि मी अलीकडे दोर ओढत बसायचे. आधी निदान खिडकीशी उभं तरी राहता यायचं. मी रडायचे. लेकरं उठतील म्हणून तेही तोंडात परकराचा बोळा कोंबून.

तीन-चार दिवस असेच गेले. मग एका दुपारी माय अचानक आली. वावर जवळच होतं, ती पाणी न्यायला म्हणून निघालेली. विळा कमरेला, पायांना चिखल. तिनं दारातून मला पाहिलं, मग खिडकीकडे पाहिलं. पलीकडे पाचवीचे गुरुजी काहीतरी लिहून देत होते.

"तू इकडं काहून?" ती म्हणाली.

मी पायाकडे बोट दाखवलं.

माय माझ्यावर नाही, पण कुणावर तरी भयंकर चिडली. खाली बसली, माझ्या अंगठ्याचा दोर सोडला. कोपऱ्यात पडलेली सुतळी त्याला जोडली, गाठ दातानं आवळली, आणि टोक खिडकीच्या गजांतून पलीकडे फेकलं. पाचवीतली पोरं मागं वळून बघायला लागली.

"जाय," माय म्हणाली. "तिकडं बस. दोर लांब करता येते."

मी वर्गात गेले. आमच्या पोरांची जागा मागच्या भिंतीशीच होती, आणि खिडकीही त्याच भिंतीला. मी खिडकीखाली बसले आणि दोर अंगठ्याला बांधला. आयुष्यात ती मागची जागा पहिल्यांदाच आणि शेवटच्यांदाच कामाला आली. गुरुजी खडू हातात धरून तसेच उभे. कुणीतरी हेडमास्तरांना बोलावून आणलं. त्यांनी एकदा दोराकडे पाहिलं, एकदा खिडकीतल्या मायकडे.

"लहान मुलं वर्गात आणायची नाहीत, नियम आहे," ते म्हणाले.

"लेकरू कुठी हाय वर्गात, गुरुजी?" माय पलीकडून म्हणाली. "वर्गात दोर हाय."

हेडमास्तर कडक होते, पण त्यांना हसू आवरलं नाही. आणि पलीकडची खोली शांत होती, हेही त्यांनी ऐकलं असणार. "अभ्यासात हयगय दिसली तर दोर कापून टाकीन," एवढं बोलून ते गेले.

अशी माझी पाचवी सुरू झाली. पोरं चिडवायची, मला झोळीवाली म्हणायची. फळ्याजवळ बोलावलं की दोर सोडून जायचं आणि झोळ्या थांबायच्या आत परत यायचं, म्हणून गणित मी भरभर सोडवायला शिकले. झोपेतून जागा झाला की भाऊ पलीकडून दोराला हिसका द्यायचा. मीही इकडून एक हिसका द्यायचे. मग तो पुन्हा निजायचा. दिवाळीनंतर मालकीणबाईंची सून बाळंतपणाला माहेरी गेली आणि तिचा मोठा पोरगा घरात कुणाला आवरेना. एक दिवस बालवाडीत नवी झोळी दिसली, रेशीमकाठी लुगड्याची. मालकीणबाई स्वतः टांगायला आल्या होत्या. माझ्याशी बोलल्या नाहीत, पण जाताना दोर ओढून नीट आहे ना ते बघून गेल्या.

ते दिवस मला फार आवडले. दुपारची वेळ, गुरुजींचा एकसुरी आवाज, बाहेर निंबाची सावली, आणि भिंतीपलीकडून बल्लीची कुरकुर. आपण काहीतरी शिकतोय आणि त्याच वेळी आपल्यामुळे कुणीतरी निवांत झोपलंय, असं पुन्हा कधी वाटलं नाही. मी पुढं नोकरी केली, पेन्शन घेते, पण त्या खिडकीखाली बसल्याचं सुख काही वेगळंच होतं.

मग वार्षिक परीक्षा आली. पहिला पेपर सकाळचा होता, तो निभावला. दुसरा दुपारचा, गणिताचा, नेमका झोळ्यांच्या वेळेला. बाहेरचे साहेब येणार होते. हेडमास्तरांनी बाईंना सांगितलं, पेपरला बसलेल्या पोरीच्या पायात दोर चालणार नाही, आणि आवाजही चालणार नाही. एक जरी लेकरू रडलं तरी बालवाडीला तिथल्या तिथं सुट्टी. सुट्टी म्हणजे भाऊ माझ्या कडेवर. पेपर बुडाला की मी पाचवीतच राहणार, आणि पाचवीत राहिलेल्या पोरीसाठी दुसऱ्यांदा भांडायला मायकडेही बळ उरलं नव्हतं.

बाई जागी पोरं घेऊन निंबाखाली बसणार होत्या. "दोर मी ओढतो," माय आदल्या संध्याकाळी म्हणाली. पण हरभरा काढणी चालू होती. टोळीतून एक बाई कमी झाली की पुढचे दिवस तिला कुणी बोलवत नसे, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. बा भिंतीला टेकून बसला होता. दोर खिडकीतून गेल्यापासून त्याबद्दल तो एक शब्द बोलला नव्हता.

दुपारी मी पेपराला शाळेत पोचले, तेव्हा बालवाडीत माय आली असेल असं वाटत होतं. बालवाडीच्या ओट्यावर बा बसलेला होता.

आत खोलीत बायांची ये-जा, म्हणून तो आत गेला नव्हता. दोराचं टोक दारातून बाहेर घेऊन ओट्यावर बसला होता. धोतर गुडघ्यापर्यंत, पाय पुढं लांब, आणि उजव्या अंगठ्याला दोर. समोर चावडी. चावडीवर गावातले बाप्ये बसलेले, सगळे बघत होते.

"काय रे, पाळना हालवून राह्यला काय?" त्यांतला एक ओरडला. बाकीचे हसले.

बा तिकडे न बघता म्हणाला, "पोरीचा पेपर हाय."

मला म्हणाला, "जाय. बस."

मी वर्गात जाऊन बसले. खिडकीच्या गजांतून त्या दिवशी दोर नव्हता. साहेबांनी पेपर वाटले. मी पहिलं गणित वाचलं आणि मला काही कळेना, कारण माझा सगळा जीव कानात होता. पलीकडे बल्ली कुरकुरत होती, पण माझ्यासारखी नाही. बाचा झोका लांब आणि जड होता. एक कुरकुर, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरी. आता थांबेल, आता भाऊ रडेल, असं प्रत्येक वेळी वाटायचं. पण थांबली नाही. हळूहळू मला त्या लयीची सवय झाली आणि मी लिहायला लागले.

अर्ध्या पेपराला ओट्यावर आवाज झाला. मालक आला होता.

"बैल सोडून इथं काय करून राह्यला तू?" तो गरजला. माझा हात थांबला. साहेबांनीही दाराकडे पाहिलं.

"मालक, हळू," बा म्हणाला. त्याचा आवाज अगदी हलका होता. "तुमचा नातू झोपून राह्यला."

मालकाच्या जोड्यांची करकर ओट्यावरून खाली उतरली, ती येतानापेक्षा खूपच हळू. बल्ली पुन्हा कुरकुरली. मी खाली मान घालून लिहीत राहिले. डोळ्यांत पाणी आल्यामुळे आकडे दिसत नव्हते. शेवटपर्यंत एकही लेकरू रडलं नाही.

परत येताना भाऊ बाच्या खांद्यावर होता. बा जरा लंगडत चालत होता. नाल्यात उतरलो तेव्हा तो दगडावर बसला आणि पाय पाण्यात घातला. अंगठ्यावर दोराचा लालभडक वळ उठला होता.

"सगळं लिवलं?" त्यानं विचारलं.

"सगळं लिवलं."

"तुले बी असंच होते काय?" तो अंगठ्याकडे बघत म्हणाला.

"आता नाई होत," मी म्हटलं. "घट्टा पडला."

त्यानं माझा पाय हातात घेतला आणि अंगठा उलटा करून पाहिला. घट्ट्यावरून बोट फिरवलं. वर्षभर मी त्याच्यासमोर अनवाणी हिंडत होते, पण त्यानं तो कधी पाहिला नव्हता. भाऊ खांद्यावरून त्याचे केस ओढत होता.

मग तो उठला, भावाला नीट धरलं, आणि गावाकडे, शाळेच्या कौलांकडे वळून पाहिलं.

"सहावीची खोली कोनत्या बाजूनं हाय?" त्यानं विचारलं. "दोर पुरन काय तिथवर?"